व्हिडिओ अडतोय? अँटिव्हायरस काढून टाकण्याआधी हे तपासा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या केबल किंवा डिशच्या पॅकमध्ये हवी ती मराठी वाहिनी असेलच असं नाही. म्हणून बेळगाव-खानापूर असो, पणजी असो, की इंदूर, बडोदा, हैदराबाद असो, बऱ्याच घरांत मराठी बातम्या, मालिका, नाटकं आणि आषाढी एकादशीची पंढरपूरची महापूजा इंटरनेटवरूनच पाहिली जाते. कुणी मोबाईलवर पाहतं, कुणी लॅपटॉपवर, कुणी स्मार्ट टीव्हीवर. नेमक्या वेळी व्हिडिओ सुरू झाला नाही, नुसतं चाक फिरत राहिलं, की चिडचिड होते. पहिला संशय नेटवर जातो. नेट ठीक असेल तर वेबसाइटवर. सीमाभागात तिसराही एक संशय मनात येतो: ‘आपल्याकडे मुद्दाम बंद केलंय की काय?’

पुष्कळदा कारण मात्र घरातच असतं. जाहिराती अडवणारं अ‍ॅड ब्लॉकर, अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा फोनमध्ये कधीतरी केलेली आणि मग विसरलेली एखादी सेटिंग. ही साधनं आपल्या सोयीसाठी आणि सुरक्षेसाठी असतात. पण जाहिरात आणि व्हिडिओ एकाच वाटेने येतात, आणि मग सुक्याबरोबर ओलंही जळतं.

व्हिडिओ अडला म्हणून फार नुकसान होत नाही. नुकसान होतं ते त्यानंतर. वैतागून कुणी अँटिव्हायरसच काढून टाकतं, कुणी ‘हा प्लेअर डाउनलोड करा’ असं सांगणाऱ्या अनोळखी पानावर बोट ठेवतं. हे दोन्ही टाळता येतं. नेमकं कोण अडवतंय हे दहा-पंधरा मिनिटांत शोधता येतं आणि फक्त त्या साइटपुरती वाट मोकळी करता येते.

व्हिडिओ तुकड्यांत येतो

ऑनलाइन व्हिडिओ म्हणजे एकच मोठी फाईल असते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत येतो. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश ही पद्धत, या दोन्हींचं तत्त्व हेच आहे. आधी एक यादी येते. कोणता तुकडा कोणत्या पत्त्यावर आहे, कमी स्पष्ट चित्र कुठे, जास्त स्पष्ट कुठे, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. प्लेअर ती वाचतो आणि एकेक तुकडा मागवत जातो. नेट मंद झालं की हलक्या दर्जाचा तुकडा घेतो, म्हणून चित्र मध्येच धूसर होतं.

म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमासाठी तुमचा फोन शेकडो वेळा काहीतरी मागवत असतो. शिवाय व्हिडिओ, पानाची सजावट, लॉगिनची तपासणी, प्रेक्षकांची मोजणी आणि जाहिराती या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या सर्व्हरवरून येतात. मधल्या मध्ये कुणी एक मागणी अडवली, तर कधी काहीच फरक पडत नाही आणि कधी सगळंच ठप्प होतं. कोणती मागणी अडली यावर ते ठरतं.

जाहिरात अडली की व्हिडिओ का अडतो?

अ‍ॅड ब्लॉकरकडे नियमांची एक लांबलचक यादी असते. ‘ईझीलिस्ट’ ही त्यातली सर्वात माहितीची; ती २००५ पासून चालू आहे. अमुक पत्त्यावरून आलेलं काहीही घेऊ नको, पत्त्यात अमुक शब्द असेल तर अडव, पानावरची अमुक चौकट लपव, असे हजारो नियम त्यात असतात. ब्लॉकर प्रत्येक मागणी या यादीशी ताडून पाहतो. एखाद्या वेबसाइटने आपल्या साध्यासुध्या फाईलचं नाव किंवा पत्ता जाहिरातीसारखा ठेवला असेल, तर तीही अडते.

बहुतेक वेळा मात्र गोष्ट वेगळी असते. अनेक साइट्सच्या प्लेअरची रचना अशी असते, की व्हिडिओ सुरू करण्याआधी तो जाहिरातीच्या सर्व्हरला विचारतो, ‘दाखवायला काही आहे का?’ यासाठी गूगलचा ‘आयएमए’ नावाचा तयार कोड पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. ब्लॉकरने तो कोडच अडवला, तर प्लेअरला हो की नाही काहीच उत्तर मिळत नाही. प्लेअर नीट बनवलेला असेल तर तो थोडा वेळ थांबून जाहिरातीशिवाय पुढे जातो. नसेल तर उत्तराची वाट पाहत बसतो, आणि आपल्याला चाक फिरताना दिसतं. यावर तोडगा म्हणून यूब्लॉक ओरिजिनसारखी साधनं त्या कोडच्या जागी एक रिकामा, निरुपद्रवी कोड देतात. ‘जाहिरात नाही’ असं उत्तर मिळालं की प्लेअर पुढे सरकतो. प्लेअरमध्ये बदल झाला आणि ब्लॉकरची यादी जुनी राहिली, की हा तोडगा फसतो.

दुसऱ्या प्रकारात जाहिरात सर्व्हरवरच व्हिडिओत जोडली जाते. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात हे बरंच होतं. प्लेअरला मिळणाऱ्या यादीतच जाहिरातीचे तुकडे असतात. ब्लॉकरने ते ओळखून अडवले, तर पुढचा तुकडा मिळत नाही आणि व्हिडिओ नेमका जाहिरातीच्या जागी थांबतो. षटक संपलं की व्हिडिओ लटकतो, अशी तक्रार असेल तर संशय इथे घ्यावा.

तिसरा प्रकार सरळ आहे. साइट स्वतःच तपासते की ब्लॉकर चालू आहे का, आणि असेल तर व्हिडिओ दाखवत नाही. यासाठी पानावर जाहिरातीसारख्या नावाची एक खोटी फाईल ठेवली जाते. ती अडली, की साइटला कळतं.

यूट्यूबवर काय घडलं?

यूट्यूबने २०२३ मध्ये ब्लॉकर वापरणाऱ्यांना इशारे दाखवायला सुरुवात केली. तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद होईल, ब्लॉकर काढा किंवा पैसे भरून प्रीमियम घ्या, असा तो संदेश होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ही मोहीम जगभर लागू झाली. एप्रिल २०२४ मध्ये जाहिराती गाळून यूट्यूब दाखवणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅपवरही कारवाई होईल, असं कंपनीने जाहीर केलं. अशा अ‍ॅपमध्ये व्हिडिओ अडखळेल किंवा दिसणारच नाही, असंही सांगितलं. कुणाच्या फोनमध्ये ‘बिनजाहिरातीचं यूट्यूब’ म्हणून एखादं अ‍ॅप टाकलेलं असेल आणि ते अचानक चालेनासं झालं असेल, तर कारण हे असू शकतं.

पण याच काळातली आणखी एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅडब्लॉक आणि अ‍ॅडब्लॉक प्लस वापरणाऱ्या पुष्कळ लोकांचं यूट्यूब एकदम मंदावलं, संगणकावर ताण येऊ लागला. यूट्यूबने मुद्दाम वेग कमी केला, असा बोभाटा झाला. नंतर उघड झालं की दोष त्या ब्लॉकरच्या नव्या आवृत्तीत होता. दुरुस्त आवृत्ती आली आणि तक्रार मिटली. म्हणून ‘कुणीतरी मुद्दाम करतंय’ असं ठरवण्याआधी आपल्याच ब्राऊझरमध्ये डोकावून पाहावं.

ब्राऊझरही बदलले आहेत. गूगल क्रोमने २०२४ च्या मध्यापासून एक्स्टेंशनची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासं झालं आणि त्याची ‘लाइट’ ही हलकी आवृत्ती पुढे आली. जुनं साधन बंद पडलं म्हणून कुणी घाईने दोन-तीन नवी एक्स्टेंशन टाकली असतील, तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. एकाच ब्राऊझरमध्ये एकच ब्लॉकर पुरे.

अँटिव्हायरस मध्ये कसा येतो?

आजकाल जवळपास प्रत्येक वेबसाइट आणि तुमचा ब्राऊझर यांच्यातला व्यवहार बंद लखोट्यातून होतो. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं, ते याचीच खूण. वाटेत कुणाला आत काय आहे ते दिसत नाही. अँटिव्हायरसलाही दिसत नाही, म्हणून काही अँटिव्हायरस संगणकावर स्वतःचं एक प्रमाणपत्र बसवतात. लखोटा आधी ते उघडतात, तपासतात, मग आपल्या मोहोरेच्या नव्या लखोट्यात घालून ब्राऊझरकडे देतात. सेटिंगमध्ये याला ‘वेब शील्ड’, ‘वेब प्रोटेक्शन’ किंवा ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ अशी नावं असतात.

साध्या पानासाठी हे खपून जातं. व्हिडिओचे शेकडो तुकडे एकामागून एक तपासायचे म्हटलं, की जुना संगणक दमतो. तुकडे उशिरा पोचतात आणि व्हिडिओ थांबत थांबत चालतो. कधी ब्राऊझर ती दुसरी मोहोर मान्यच करत नाही आणि ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना देतो. असा लखोटा मध्येच उघडण्याने उलट सुरक्षा कमजोर होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी यंत्रणेने मार्च २०१७ मध्येच दिला होता.

आणखी एक बारकावा आहे. यूट्यूबसारख्या साइट्स ‘क्विक’ नावाची वेगवान पद्धत वापरतात. २०२१ मध्ये ती इंटरनेटचं अधिकृत मानक झाली. काही अँटिव्हायरस आणि ऑफिस-कॉलेजांचे फायरवॉल ती तपासू शकत नाहीत, म्हणून ती बंद ठेवतात. मग ब्राऊझर जुन्या पद्धतीवर येतो. व्हिडिओ चालतो, पण सुरू व्हायला वेळ घेतो.

सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या पैसे भरायच्या सेवांचं आणखी वेगळं आहे. त्यांचा व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि ते कुलूप उघडणारा छोटा प्रोग्राम ब्राऊझरमध्ये असतो. क्रोममध्ये त्याचं नाव ‘वाइडवाइन’. सुरक्षा सॉफ्टवेअरने तो अडवला किंवा स्क्रीन रेकॉर्ड करणारं एखादं अ‍ॅप मागे चालू राहिलं, तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ म्हणजे काय?

सीमाभागातल्या वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा. सिनेमे, मालिका, सामने यांचे ऑनलाइन हक्क साधारणपणे देशाप्रमाणे विकले जातात. तुम्ही कोल्हापुरात आहात की बेळगावात, याने सहसा फरक पडत नाही. दोडामार्गला दिसतं आणि डिचोलीला दिसत नाही, असं एकाच सेवेच्या एकाच वर्गणीवर झालं, तर राज्याची सीमा हे कारण असण्याची शक्यता कमी. प्रशासनाने जिल्ह्यात मोबाईल इंटरनेट बंद केलं, तर व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळंच थांबतं. एकटा मराठी व्हिडिओ थांबत नाही.

मग तो संदेश येतो कशामुळे? बहुतेक वेळा व्हीपीएनमुळे. व्हीपीएन तुमची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवतं. तो सर्व्हर सिंगापूरला किंवा नेदरलँड्सला असेल, तर सेवेला वाटतं तुम्ही तिथेच बसला आहात. काही अँटिव्हायरसच्या पॅकमध्ये व्हीपीएन आयतंच येतं, आणि ते चालू आहे हे घरातल्यांना माहीतही नसतं. फोनवर वरच्या पट्टीत किल्लीची छोटी खूण दिसली, तर व्हीपीएन चालू आहे असं समजावं. अँड्रॉइडवरची जाहिरात अडवणारी काही अ‍ॅपही अंतर्गत व्हीपीएनसारखीच चालतात, त्यामुळे त्यांचीही किल्ली दिसते.

फोनमधली विसरलेली सेटिंग

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आली. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही: नाव दिलं की पत्ता सांगते. जाहिरातींच्या सर्व्हरचे पत्ते सांगायला नकार देणारी वही इथे लावता येते, आणि मग अख्ख्या फोनमधल्या जाहिराती कमी होतात. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा गणपतीला घरी येतो, आई-बाबांच्या फोनमध्ये ही सेटिंग करून देतो आणि परत जातो. चार महिन्यांनी एखादं अ‍ॅप चालेनासं झालं, की कुणालाच काही आठवत नाही. शिवाय ती ठरावीक वही काही कारणाने बंद पडली, तर फोनला कोणताच पत्ता मिळत नाही आणि सगळं नेट गेल्यासारखं वाटतं. रेंज पूर्ण असते, तरी काहीच उघडत नाही.

हेच राउटरवर केलेलं असेल, तर घरातल्या स्मार्ट टीव्हीपर्यंत सगळ्यांवर परिणाम होतो.

लक्षणावरून कारण ओळखा

सुरुवातीलाच चाक फिरत राहत असेल, तर अ‍ॅड ब्लॉकर. जाहिरातीच्या जागी थांबत असेल, तरीही तोच. आवाज येतो पण चित्र नाही, तर कुलूपबंद व्हिडिओची अडचण किंवा चालू असलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग. ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ असं दिसलं, तर व्हीपीएन. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असं बऱ्याच साइट्सवर दिसलं, तर आधी संगणकाची तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा, मग अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग. सगळेच व्हिडिओ सगळीकडे अडखळत असतील, तर नेटचा वेग किंवा अँटिव्हायरसचा ताण. वायफायवर चालत नाही आणि मोबाईल डेटावर चालतं, तर राउटर किंवा त्यावरचं डीएनएस.

आधी काय, मग काय?

क्रम महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे सुटलं ते कळत नाही.

१. तोच व्हिडिओ घरातल्या दुसऱ्या फोनवर, मोबाईल डेटावर लावून बघा. तिथेही चालत नसेल, तर दोष बहुधा साइटकडे आहे. तुमच्याकडे काही मोडतोड करू नका, थोडा वेळ थांबा.

२. संगणकावर इन्कॉग्निटो विंडो उघडून लावा. क्रोममध्ये या विंडोत एक्स्टेंशन आपोआप बंद असतात. इथे चाललं, तर एखादं एक्स्टेंशन आडवं येतंय.

३. अ‍ॅड ब्लॉकरच्या खुणेवर क्लिक करून ‘या साइटवर बंद ठेवा’ एवढंच निवडा आणि पान पुन्हा लोड करा. ब्लॉकर काढून टाकायची गरज नाही. ब्रेव्ह ब्राऊझरमध्ये सिंहाच्या खुणेवर, तर फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडच्या ढालीवर अशीच सोय आहे.

४. ब्लॉकर आणि त्याच्या याद्या अपडेट करा. दोन ब्लॉकर असतील तर एक काढा.

५. व्हीपीएन बंद करा. फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधून ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

६. इतकं करूनही अडलं, तरच अँटिव्हायरसकडे वळा. वेब स्कॅनिंगचा भाग दहा मिनिटांसाठी थांबवा, फक्त तो माहितीचा व्हिडिओ लावून बघा, आणि लगेच पुन्हा चालू करा. दोष तिथेच असेल, तर त्या साइटचं नाव अपवादांच्या यादीत घाला. संगणकावर दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचा डिफेंडर असतोच. दुसरा अँटिव्हायरस काढला की तो आपोआप कामाला लागतो.

अपवाद फक्त माहितीच्या साइटला द्यायचा, हे पक्कं धरा. नवा सिनेमा फुकट दाखवतो म्हणणारी साइट जेव्हा ‘ब्लॉकर आणि अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगते, तेव्हा तिथून निघून जाणं उत्तम.

रोगापेक्षा इलाज भयंकर नको

जाहिरातींतून धोका येतो हे खरं आहे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या नामांकित साइट्सवर जाहिरातींच्या जाळ्यातून घातक सॉफ्टवेअर पोचवण्याचा प्रकार घडला होता. साइट्स चांगल्या होत्या, जाहिरात बाहेरून आली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नामवंत कंपन्यांची नावं वापरणाऱ्या खोट्या जाहिरातींपासून सावध करताना, इंटरनेटवर शोध घेताना अ‍ॅड ब्लॉकर वापरावं असं सुचवलं होतं. म्हणून एका व्हिडिओसाठी सगळं संरक्षण उतरवून ठेवणं शहाणपणाचं नाही.

फसवणारे लोक नेमक्या याच वैतागावर टपलेले असतात. व्हिडिओ चालत नाही म्हणून माणूस शोधाशोध करतो, आणि एखादं पान सांगतं, ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’. अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा बंद केला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालतही नाही. त्यामुळे आज असं सांगणारं कोणतंही पान खोटं आहे, हे डोळे झाकून समजावं. तसंच सामना किंवा सिनेमा दाखवतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल. अशा फाईलला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातो. व्हिडिओ दुरुस्त करायला म्हणून कुणी फोनवरून तुमच्या स्क्रीनचा ताबा मागत असेल, तर फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. हा क्रमांक कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा, सगळीकडे एकच आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

घरात वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये अशी साधनं बसवून देणाऱ्यांनी एक छोटं काम करावं. काय बसवलं आणि ते कुठून बंद होतं, हे एका कागदावर मराठीत लिहून टीव्हीशेजारी लावावं. पुढच्या आषाढीला पहाटे महापूजा लावताना चाक फिरायला लागलं, तर घरच्यांना कुणाला फोन न करता दोन मिनिटांत मार्ग सापडेल.